फक्कीचं वाचनालय

धुळ्याच्या वाचनालयात मी नोकरीला लागले तेव्हा तिथं पुस्तक मागायचं म्हणजे भिंतीतल्या एका चौकोनाशी बोलायचं. इमारत मूळची कापसाच्या गोडाऊनची. लांबच लांब दालन, वर कौलं, उंचावर दोन झरोके. दालनाच्या मधोमध लाकडी पडदी होती आणि त्या पडदीला रेल्वेच्या तिकीट-खिडकीएवढी जाळीची खिडकी. अलीकडे वाचक, पलीकडे कुलपातली कपाटं, आणि कपाटांपुढे नाना.

नाना म्हणजे आमचे ग्रंथपाल. साठीकडे झुकलेले, स्वच्छ धोतर, काळी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पुस्तकांवर त्यांचा जीव असा, की पुस्तक बाहेर द्यायचं म्हणजे त्यांना लेक सासरी पाठवल्यासारखं व्हायचं. वाचकानं यादीतला नंबर चिठ्ठीवर लिहून जाळीतून आत सरकवायचा. नाना आधी चिठ्ठी बघत, मग जाळीतून वाचकाचं तोंड बघत, आणि मग त्या तोंडाला शोभेल असं त्यांना वाटे ते पुस्तक आणून देत. एकदा एका नव्या नवरीनं कादंबरी मागितली. नानांनी तिच्या हातात बालसंगोपनाचं पुस्तक ठेवलं. ते घरी सासूच्या नजरेला पडलं आणि सासूनं संध्याकाळच्या आत गल्लीत पेढे वाटले. ती बिचारी नवरी दुसऱ्या दिवशी जाळीशी येऊन रडकुंडीला आली, तर नाना म्हणाले, "आज ना उद्या उपयोग होईलच की."

मी मूळची अमळनेरची. तिथल्या कॉलेजात बी.ए. केलं, पुण्याला जाऊन ग्रंथालयाचा छोटा कोर्स केला आणि साठीचं दशक सरत असताना धुळ्यात देवपूरला आत्याकडे येऊन राहिले. रोज सकाळी पांझरेचा पूल ओलांडून वाचनालयात. तिथली मी पहिलीच बाई नोकर. मला कुठं बसवावं हे ठरेपर्यंत आठ दिवस गेले. शेवटी इतिहास आणि आयुर्वेद या दोन कपाटांच्या मध्ये एक स्टूल मिळालं.

पुण्याच्या कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की कपाटं उघडी असावीत, वाचकानं आत यावं, हाताळावं, निवडावं. चौथ्याच दिवशी मी धीर करून नानांना म्हटलं, "नाना, कपाटं उघडी ठेवली तर?"

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, तुमच्या अमळनेरच्या घराला दार आहे?"

"आहे."

"कडी?"

"आहे."

"मग?"

विषय संपला. पुढची दोन वर्षं तो संपलेलाच राहिला, आणि कायमचा राहिला असता. पण वाळवी आमच्या मदतीला आली. एका दुपारी छताचं आढं पोखरून मोडलं आणि धर्मग्रंथांच्या कपाटावर येऊन बसलं. कुणाला लागलं नाही. नाना तेवढे "अरे देवा" म्हणून खाली बसले, ते कपाटाच्या काळजीनं. आता मात्र दुरुस्तीनं भागणार नव्हतं. कार्यकारी मंडळ बसलं आणि त्याच जागी, शेजारचा मोकळा तुकडा धरून, वाचनालय नव्यानं बांधायचं ठरलं.

नकाशा काढायला एक निवृत्त ओव्हरसियर मिळाले. जाड मिशा, मांडीपर्यंत खाकी चड्डी, डोक्यावर हॅट. माणूस अतिशय सरळ. पण जन्मभर त्यांनी फक्त रस्त्याखालच्या मोऱ्या आणि डाक बंगले बांधले होते. मंडळापुढे त्यांनी नकाशा उलगडला. पुढे लांब व्हरांडा, मागे ओळीनं पाच खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर आणि टोकाला खानसाम्याचं स्वयंपाकघर.

मंडळाचे अध्यक्ष कापडाचे मोठे व्यापारी होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, ते इथलेच झाले. सगळे त्यांना शेठजी म्हणत. ते स्वतः कधी पुस्तक वाचत नसत, पण रोज संध्याकाळी वाचनालयात येऊन तासभर बसत. म्हणत, "इथं कुणी मला भाव विचारत नाही." शेठजींनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"साहेब," ते म्हणाले, "कलेक्टर मुक्कामाला यायचे आहेत का?"

ओव्हरसियर गोरेमोरे झाले. मी इतिवृत्त लिहीत होते. हसू दाबताना माझ्या पेनाची शाई कागदावर सांडली.

"तुमचा दोष नाही," शेठजी म्हणाले. "आपणच यांना माप दिलं नाही. आमच्या दुकानात गिऱ्हाइकानं सांगितल्याशिवाय आम्ही कापड फाडत नाही. इथं कोण गिऱ्हाईक? त्यांना विचारलं का कुणी?"

"वाचकांना?" नाना म्हणाले. "वाचकांना काय कळतं?"

"गिऱ्हाइकालाही कळत नाही, नाना. पण अंगात त्यालाच घालायचं असतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तू विचार सगळ्यांना."

मी त्या रात्री आत्याला हे सांगताना भाकरी जळू दिली.

दुसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, त्याला वर फट पाडली आणि जाळीच्या शेजारी टांगला. 'नवे वाचनालय कसे असावे? चिठ्ठी टाका.' पहिले दोन दिवस डब्यात फक्त शेंगांची टरफलं पडली. तिसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्यांचा नुसता पाऊस. पंखा हवा. माठ हवा. पेपर वाचताना दुसऱ्यानं मागून मान घालू नये असा नियम हवा. मान घालायला पुरेल एवढी जागा हवी. आखाडा हवा. दुपारी आडवं व्हायला सतरंजी हवी. एकानं लग्नाच्या मुलासाठी स्थळ सुचवा म्हणून पत्रिकाच टाकली होती. आणि एका चिठ्ठीत सुंदर वळणदार अक्षरात एकच ओळ : 'नानांना हसायला सांगावे.'

चिठ्ठ्या वाचायचं काम माझं; पण ही नेमकी नानांच्याच हातात पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला वाचक जाळीशी आला तेव्हा नानांनी त्याच्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला. त्या माणसानं घाबरून विचारलं, "नाना, बरं वाटत नाही का?"

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की इतक्या चिठ्ठ्यांत बाईमाणसाची एकही नाही. मग मी आत्याला पुढं घातलं आणि देवपुरात दुपारच्या वेळी घरोघर जाऊन बसू लागले. वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता, पापड वाळत घालता घालता बायका बोलू लागल्या की थांबेनात.

"तुमच्याकडे बायकांची खोली कुठं? शेवटी, मागं! तिथं जायचं म्हणजे पेपर वाचणाऱ्या वीस पुरुषांच्या गुडघ्यांवरून जायचं."

"मी आपली धाकट्या दिराला पाठवते. तो त्याला आवडेल ते आणतो. सहा महिने झाले, मी नुसत्या भुतांच्या गोष्टी वाचतेय."

आणि एक ठसठशीत कुंकवाच्या मावशी म्हणाल्या, "साडी घ्यायची तर आम्ही दुकानात वीस उलगडून बघतो. पुस्तक मात्र जाळीतून मिळेल ते. का? पुस्तक काय अंगाला लागत नाही?"

हे वाक्य मी जसंच्या तसं शेठजींना सांगितलं. कापडाचा माणूस तो. मांडीवर थाप मारून इतका हसला की उचकी लागली.

ओव्हरसियरांनी सगळं ऐकून दुसरा नकाशा काढला. हा खूपच बरा होता. पण तो निळा कागद वाचनालयात लावला तर कुणाला तो कळेना. कुणी खिडक्यांना खांब समजे, कुणी जिन्याला शिडी. आमचे एक निवृत्त हेडमास्तर होते, तीस वर्षांचे वाचक, त्यांनी तो एक तास अभ्यासला आणि म्हणाले, "उत्तम. पण दार छतात का आहे?" त्यांनी नकाशा उलटा धरला होता.

तेव्हा मला ते सुचलं. वाचनालयाच्या मागं शाळेचं मैदान होतं. मे महिना, शाळेला सुट्टी. खो-खोचं मैदान आखतात ती पांढरी फक्की शाळेच्या खेळाच्या सरांकडे पोत्यानं असायची. अख्खं वाचनालय मैदानावर खऱ्या मापानं आखलं तर? लोकांना आत चालूनच बघू दे!

ओव्हरसियर आधी भडकले. "मी बांधकाम खात्यातला माणूस. मी काय खो-खोची मैदानं आखू?" पण रविवारी उजाडायच्या सुमाराला मी मैदानावर पोचले तेव्हा ते माझ्याआधीच तिथं होते. हॅट, टेप, खुंट्या, सुतळी. खेळाचे सर फक्कीचं डबडं घेऊन त्यांच्यामागं पळत होते आणि ते ओरडत होते, "सरळ! ही भिंत आहे, कबड्डीची रेघ नाही!" भिंतीला रेघ, दाराला मोकळी जागा, खिडकीला दोन रेघा, कपाटांना लांबट चौकोन. प्रत्येक खोलीत मी विटकरीनं नाव लिहिलं. ऊन चढायच्या आत मातीवर आमचं वाचनालय पसरलं होतं.

दवंडी आदल्या दिवशीच दिली होती. कोण येणार, दहा-वीस माणसं, असं मला वाटलं होतं. सात वाजता मी मान वर केली तर फाटकातून माणसंच माणसं. पेपर वाचायला येणारे, कॉलेजची पोरं, शेठजी आणि त्यांच्या दुकानातली सगळी मंडळी, पोराटोरांसकट बायका. देवपूरच्या बायकांची तर मिरवणूकच पूल ओलांडून आली, पुढं माझी आत्या.

सगळे रेघेबाहेर थांबले. आत जायचं धाडस कुणी करेना. मग हेडमास्तर पुढं झाले. दाराच्या मोकळ्या जागेशी थांबले, चपला काढल्या, रेघेला लावून नीट ठेवल्या आणि आत गेले. त्यांच्यामागं सगळे. बघता बघता उघड्या मैदानात, जिथं ना भिंत ना उंबरा, चपलांचा ढीग झाला.

आत गेल्यावर लोकांना काय झालं कोण जाणे. हळू आवाजात बोलू लागले! वाचनालय ना! पेपरच्या खोलीत कुणी तरी म्हणालं, "फार उकडतंय," तर खिडकीजवळच्या माणसानं हात पुढं करून खिडकी उघडली. "आता बरं," असं पहिला म्हणाला. दोघंही कॉलेजात प्रोफेसर होते. एक पोरगा कपाटाच्या चौकोनातून धावत गेला तेव्हा चार जण एकदम "अरे, अरे!" म्हणाले.

मग बायका निघाल्या आपल्या खोलीकडे. नकाशात ती अजूनही मागंच होती. पेपरच्या खोलीतून जावं लागे. तिथं सगळे पुरुष मांड्या घालून बसलेले. बायका थांबल्या. मावशींनी, त्या ठसठशीत कुंकवाच्या, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पदर खोचला आणि सरळ बाजूची भिंत ओलांडून पलीकडे गेल्या.

"मावशी!" हेडमास्तर कळवळले. "भिंतीतून गेलात!"

"मग काय करू? तुम्ही उठता का?"

आणि मावशींनी पायानं ती भिंत दोन हातभर पुसून टाकली. "इथं दार पाहिजे. आणि खोली पुढं, रस्त्याकडे. आम्ही लपायला येत नाही, वाचायला येतो."

झालं! एकीनं पुसलं म्हटल्यावर सगळ्यांचे पाय शिवशिवू लागले. कुणी माठाची जागा हलवली, कुणी पेपरची खोली व्हरांड्यात काढली, कुणी भिंतच आणखी चार पावलं मागं नेली. फक्कीचं डबडं या हातातून त्या हातात. ओव्हरसियर हॅट हातात घेऊन सगळीकडे धावत होते. "अहो, ती भार घेणारी भिंत आहे! छत पडेल! उठा तिथून, छत पडेल!" आणि खरंच, त्या खोलीतले लोक गडबडीनं उठले आणि दारातून बाहेर आले. मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि अख्खं मैदान हसायला लागलं. ओव्हरसियर आधी रागावले, मग त्यांच्या मिशा थरथरल्या, मग तेही खाली बसून पोट धरून हसले.

एवढ्या धुमाळीत अक्का आली. अक्का जवळच्या खेड्यातून रोज भाजक्या शेंगांची पाटी घेऊन यायची आणि वाचनालयाच्या फाटकाशी बसायची. तिच्या शेंगांची टरफलं वाचनालयात सापडली की नाना लाल होत. ती आली ती थेट मध्यभागी, संदर्भग्रंथांच्या खोलीत, पाटी ठेवून बसली.

"अक्का," हेडमास्तर म्हणाले, "इथं वाचणारे बसतात."

"बठ्ठा लोके बसतीन, मंग मी कोठे बसू?" अक्कानं तिच्या अहिराणीत विचारलं. "माले वाचता येस नही. पन आयकता येस ना!"

पेपर आला की अक्का कुणा ना कुणाला पकडून दोन बातम्या वाचून घ्यायची, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. पण ती वाचनालयाची वाचक आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेठजी पुढं आले. त्यांनी स्वतः डबडं हातात घेतलं आणि दारापुढं, कडुलिंबाखाली पडणाऱ्या सावलीत, एक वाकडातिकडा चौकोन काढला. "हा ओटा. इथं रोज दुपारी पेपर मोठ्यानं वाचायचा. ज्याला ऐकायचं त्यानं बसावं." अक्का उठली, ओट्यावर जाऊन बसली, हात टेकून पाहिला आणि जागा पसंत पडल्यावर म्हणाली, "आठे बेस शे."

आणि नाना? नाना सगळ्यांच्या आधी आले होते आणि देवघेवीच्या चौकोनात, पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या जागी, उभे होते. ओव्हरसियरांनी त्यांना पुढं लांब टेबल दिलं होतं, दोन्ही बाजूंना भिंती, मागं पुस्तकांचं दालन. इतका वेळ मी नानांकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर त्यांचा चेहरा कावराबावरा. कारण मावशींचं बघून लोक सर्रास भिंती ओलांडायला लागले होते आणि आता पुस्तकांच्या दालनात, कपाटांच्या चौकोनांमधून, बायका-पुरुष निवांत हिंडत होते.

"तिकडे जाऊ नका!" नाना ओरडत होते. "तिथं वाचकांना परवानगी नाही!"

"नाना, तुम्ही जाऊन थांबवा ना त्यांना," मी म्हटलं.

"कसा जाऊ? दार कुठं आहे?"

मी बघितलं. खरंच! ओव्हरसियर गडबडीत देवघेवीच्या चौकोनाला दार ठेवायलाच विसरले होते. चारी बाजूंनी भिंत. आणि नाना तत्त्वाचे पक्के. भिंत ओलांडणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. रेघा पडताना आत उभे राहिले ते अजून तिथंच अडकले होते, उन्हात, किल्ल्यांसकट.

मी काही बोलणार एवढ्यात ती बालसंगोपनवाली नवरी, म्हणजे आता काही फार नवी राहिली नव्हती, कपाटांमधून आली. दोन्ही हात असे पुढं धरलेले, की त्यात काही तरी आहे. नानांच्या टेबलाच्या रेघेशी थांबली.

"नाना, हे नेऊ?"

नानांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "कोणतं आहे?"

"मला हवं होतं ते."

"नंबर?"

"नंबर नाही पाहिला. चाळून बघितलं. आवडलं."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता चिडणार. पण त्यांनी हळूच हात पुढं केला, ते पुस्तक घेतलं, उलटून पाहिलं, पहिलं पान उघडलं, आणि डाव्या तळहातावर उजव्या मुठीनं शिक्का मारला. ठप्प.

"पंधरा दिवसांत परत," ते म्हणाले.

मैदानात अशी आरोळी उठली की रस्त्यानं जाणारा टांगेवाला थांबून बघायला लागला. लगेच रांग लागली. प्रत्येकाच्या हातात पुस्तक. नाना एकेकाचं बघत होते, शिक्के मारत होते. एका कॉलेजच्या पोराला तर त्यांनी अडवलं, "दोन घेतलीस. एक ठेव." त्यानं मुकाट्यानं एक परत नेऊन कपाटात ठेवलं.

रांग संपली तेव्हा नानांचा सदरा घामानं भिजला होता. त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"बाई, मागची भिंत जरा पुसा. मला पाणी प्यायचंय."

मी पायानं पुसायला लागले. दारापुरतं पुसून थांबायला हवं होतं, पण मी थांबलेच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, देवघेव आणि पुस्तकं यांच्यामधली सगळी भिंत पुसून काढली. माझी पावलं पांढरी झाली. नाना बघत होते. मी मध्येच एकदा मान वर केली. वाटलं, आता म्हणतील, पुरे. पण ते ती पुसलेली जागा ओलांडून, सरळ चालत, माठाकडे गेले.

दुपारी वारा सुटला आणि सगळं वाचनालय उडून गेलं. पण ओव्हरसियरांनी त्याआधीच मैदानावरची मापं वहीत उतरवून घेतली होती. त्यांनी तिसरा नकाशा काढला तो या मापांवरून.

बांधकामाला वर्षाहून जास्त लागलं. तोवर आम्ही शाळेच्या दोन वर्गांत, बाकांवर पुस्तकं रचून, कारभार केला. नवी इमारत उभी राहिली तेव्हा बायकांची खोली पुढं, रस्त्याकडे, वेगळ्या दारानं. पेपर व्हरांड्यात. कडुलिंबाखाली ओटा, त्याला अक्काच्या मापानं बुटक्या पायऱ्या. ओव्हरसियरांनी एक न्हाणीघर मात्र हट्टानं ठेवलंच. ते पुढं कुणीच वापरलं नाही, त्यात झाडू राहतात.

पहिल्या दिवशी मात्र गंमत झाली. उघडी कपाटं बघायला गर्दी लोटली आणि दालनाच्या तोंडाशी येऊन थांबली. मैदानावर बिनदिक्कत भिंती ओलांडणारे हे लोक आता एक पाऊल पुढं टाकेनात! खरी पुस्तकं, आणि मध्ये काहीच नाही. हात लावू का, नको का. शेवटी नानाच मागून आले आणि एकेकाला पाठीवर हात ठेवून आत ढकलायला लागले. "जा. जा की! खात नाहीत पुस्तकं." हेडमास्तर आत गेले ते एका पुस्तकापुढं उभेच राहिले. गेली कित्येक वर्षं ते त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून मागवत होते. "अरे," ते म्हणाले, "याच्या शेजारी दुसरा भागही आहे की!" मावशींनी त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत पुस्तकं पाहिली, एकूण एक कपाट पाहिलं आणि काहीच न घेता निघाल्या.

"मावशी, एकही नाही?" मी विचारलं.

"उद्या येते परत. आज नुसतं बघायला आले होते."

दुपारी ओट्यावर मी पेपर वाचायला बसले. अक्का आणि तिच्या गावच्या दोघीतिघी, एक रिक्षावाला, दोन हमाल. मी गंभीरपणे पहिल्या पानापासून सुरुवात केली. अक्कानं मला थांबवलं. तिला आधी चोऱ्या हव्या होत्या, मग लग्नं, मग दिल्ली. तो क्रम पुढं वर्षानुवर्षं तसाच राहिला.

नानांनी उघड्या कपाटांना मान्यता दिली होती एका अटीवर. वर्षाअखेर सगळी पुस्तकं ताडून बघायची, आणि चोरी निघाली तर कुलपं परत. म्हणून ती तपासणी जवळ आली तशी माझी झोप उडाली. आम्ही दोघांनी एक आठवडा वाचनालय बंद ठेवून एकेक कपाट तपासलं. मी नाव वाचायचे, नाना नोंदवहीत खूण करायचे. काही पुस्तकं गेली होती, हे मी लपवणार नाही. पाककृतीची दोन, मोटार दुरुस्तीचं एक, आणि एक ज्योतिषाचं. प्रत्येक वेळी नाना नाकानं सुस्कारा सोडत.

पाचव्या दिवशी मी एक पुस्तक वाचलं आणि नाना म्हणाले, "हे असूच शकत नाही."

"का?"

"हे अकरा वर्षांपूर्वी हरवलंय. मी स्वतः तांबड्या शाईनं काट मारलीय."

पण पुस्तक माझ्या हातात होतं, आमच्याच जुन्या शिक्क्याचं. पुढं आणखी एक निघालं. मग दोन. कपाटांच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या पुस्तकांच्या आड, कुणी कुणी गुपचूप आणून ठेवलेली. ज्यांना जाळीतून परत द्यायला नानांच्या तोंडाची भीती वाटत होती, त्यांनी उघड्या कपाटाचा फायदा घेऊन ठेवून दिली होती. एकात तर चिठ्ठी होती : 'वडिलांच्या ट्रंकेत सापडले. ते असते तर लाजले असते.' एकाला अजून लोणच्याचा वास येत होता. आठवड्याच्या शेवटी गेलेली पुस्तकं एका बाजूला आणि आलेली दुसऱ्या बाजूला मांडली, तर आलेल्यांचा ढीग उंच.

नानांनी दोन्ही ढीग पुन्हा एकदा मोजले. मग त्यांची खरी अडचण त्यांनी सांगितली. नोंदवहीत हरवलेल्या पुस्तकांना रकाना होता, फाटलेल्यांना होता, वाळवीनं खाल्लेल्यांनाही होता. आपण होऊन परत आलेल्यांना कोणताच नव्हता. नानांनी पट्टी घेतली आणि स्वतः एक नवा रकाना आखला.

"वर काय लिहायचं?"

"परत आलेली?"

"परत तर सगळीच येतात."

"सापडलेली?"

"आपण कुठं शोधली होती?"

आम्ही त्यावर भर दुपारी तासभर वाद घातला. शेवटी मी हसत हसत म्हटलं, "नाना, पाहुण्यांसारखी न सांगता आलीत. लिहा, आगंतुक."

नानांनी टाक शाईत बुडवला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, आगंतुक. मग ते स्वतःच वाचून त्यांना इतकं हसू आलं की टाकातली शाई वहीवर सांडली, आणि मी टीपकागद घेऊन धावले.